आल्प्समधलं पर्यटन आणि दीडशे मीटरचा हिशेब

७ जानेवारी २०२३ ला स्वित्झर्लंडमधल्या आडेलबोडेन या गावी स्कीइंगच्या वर्ल्ड कपची शर्यत झाली. शर्यत नीट पार पडली, प्रेक्षकही भरपूर आले. पण त्या दिवशीचे फोटो जगभर फिरले ते वेगळ्याच कारणाने. भर जानेवारीत डोंगराचा उतार हिरवा-तपकिरी होता आणि त्यावरून एक पांढरी पट्टी तेवढी खाली उतरलेली दिसत होती. तीही यंत्राने बनवलेल्या बर्फाची. आठवडाभर आधी, नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी, स्वित्झर्लंडच्या उत्तर भागात पारा २० अंश सेल्सियसच्या वर गेला होता. तिथला हा ऐन थंडीचा महिना.

ही पट्टी नेमकी कशामुळे उरली आणि तिच्या आजूबाजूचं पांढरं कुठे गेलं, हे समजलं की आल्प्समधल्या पर्यटनापुढचा बराचसा पेच समजतो.

आल्प्स ही सुमारे १२०० किलोमीटर लांबीची पर्वतरांग फ्रान्स, मोनॅको, इटली, स्वित्झर्लंड, लिकटेनस्टाइन, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनिया अशा आठ देशांत पसरलेली आहे. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी यातल्या बहुतेक दऱ्या गरीब होत्या. थोडी शेती, गाईगुरं, चीज, आणि लांबलचक रिकामा हिवाळा. पर्यटनाने हे चित्र पालटलं. आधी उन्हाळ्यात शिखरं पाहायला येणारे लोक आले, मग हिवाळ्यात हवापालट करायला येणारे, आणि विसाव्या शतकात स्कीइंग आल्यावर तर हिवाळा हाच कमाईचा काळ झाला. १९२४ चं पहिलं हिवाळी ऑलिंपिक याच रांगेतल्या शामोनीला झालं. आज अनेक गावांत हॉटेल, स्की करणाऱ्यांना उतारावर वर नेणारी लिफ्ट, स्की भाड्याने देणारं दुकान, बेकरी, शाळा हे सगळं एकाच गोष्टीच्या भरवशावर उभं आहे. डिसेंबरात उतारावर पांढरं पडणार, हा तो भरवसा.

पुढे जाण्याआधी एक शब्दांची सोय करून घेऊ. आभाळातून भुरभुरत पडतो तोही आपण बर्फच म्हणतो आणि दगडासारखा घट्ट असतो तोही बर्फच. इथे मात्र या दोघांचं नशीब वेगवेगळं आहे. म्हणून या लेखापुरतं, पडतं ते हिम आणि साठून घट्ट होतो तो बर्फ.

उंची आणि थंडी

डोंगर चढताना हवा गार होत जाते. साधारण हजार मीटर चढलं की तापमान साडेसहा अंशांनी उतरतं. हाच हिशेब उलटा मांडला तर एका अंशाला सुमारे दीडशे मीटर पडतात. म्हणजे हवा सरासरी एका अंशाने तापली, तर पूर्वी जी थंडी १५०० मीटरवर मिळायची तिच्यासाठी आता १६५० मीटरवर जावं लागतं. थंडी डोंगरावर वर सरकते. गाव सरकत नाही. चर्च, हॉटेल, लिफ्टचं खालचं स्टेशन, घरं, सगळी जिथल्या तिथे राहतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आल्प्समधलं तापमान दोन अंशांहून अधिक वाढलं आहे. जगाच्या सरासरीच्या हे जवळजवळ दुप्पट आहे. याची कारणं दोन-तीन आहेत. समुद्रापेक्षा जमीन लवकर तापते, आणि आल्प्स खंडाच्या आत आहेत. हिम पांढरं असल्यामुळे बहुतांश ऊन परत आकाशात फेकतं. ते वितळलं की खालची काळपट जमीन उघडी पडते, ती ऊन शोषते, आजूबाजूची हवा तापते आणि उरलेलं हिमही लवकर जातं. शिवाय १९८० च्या दशकापासून युरोपची हवा धुराच्या बाबतीत स्वच्छ होत गेली. ही चांगलीच गोष्ट, पण धूलिकण कमी झाल्यावर जमिनीपर्यंत पोचणारं ऊन वाढलं.

दोन अंश म्हणजे तीनशे मीटर. खालच्या दऱ्यांतल्या गावांसाठी हा आकडा फार मोठा आहे, कारण आल्प्समधली असंख्य लहान स्की-केंद्रं १००० ते १५०० मीटरच्या पट्ट्यात आहेत. तिथली हिवाळी हवा शून्य अंशाच्या आसपास घुटमळते. उणे एक असेल तर हिम पडतं, अधिक एक-दोन असेल तर तेच ढग पाऊस पाडतात. हवामानबदल म्हटलं की ढगच येणार नाहीत अशी एक समजूत असते. इथे तसं नाही. पाणी आभाळातून पडतंच, हिवाळ्यात कदाचित थोडं जास्तही पडेल. फक्त ते चुकीच्या रूपात येतं. आणि साचलेल्या हिमावर पाऊस पडला की आठवड्याची कमाई एका रात्रीत वाहून जाते. २५०० मीटरवर मात्र उणे दहाचं उणे आठ झालं तरी हिम ते हिमच राहतं. म्हणून एकाच आठवड्यात वरचं केंद्र गजबजलेलं आणि खालचं बंद, असं चित्र दिसतं.

आल्प्समधल्या दोन हजारांहून जास्त केंद्रांवरच्या नोंदी एकत्र करून २०२१ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९७१ ते २०१९ या काळात २००० मीटरखालच्या भागात हिमाचा हंगाम साधारण तीन ते पाच आठवड्यांनी आखडला, असं त्यातून दिसलं. आजी-आजोबांच्या आठवणीतला हिवाळा आणि नातवंडांचा हिवाळा यांत एक अख्खा महिना कमी झाला आहे.

शंभर दिवस

स्की-केंद्राचा धंदा चालायला किती हिम लागतं? यासाठी या क्षेत्रात एक ठोकताळा वापरतात. १ डिसेंबर ते १५ एप्रिल या काळात निदान शंभर दिवस, निदान ३० सेंटीमीटर हिम. दहापैकी सात हिवाळ्यांत ही अट पुरी झाली, तर ते केंद्र भरवशाचं मानतात. हा निसर्गनियम नाही, जमाखर्चाचा अंदाज आहे, पण कामाचा आहे.

२००७ मध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने याच मापाने आल्प्समधली ६६६ स्की-केंद्रं तपासली. त्यांपैकी ६०९ तेव्हा भरवशाची होती. तापमान आणखी एका अंशाने वाढलं तर ५०० उरतील, दोन अंशांनी ४०४ आणि चार अंशांनी २०२, असा तो हिशेब होता. यात कृत्रिम हिम धरलं नव्हतं. २०२३ मध्ये आणखी व्यापक अभ्यास आला. त्यात २८ युरोपीय देशांतली २२३४ केंद्रं होती. पृथ्वीचं तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत दोन अंशांनी वाढलं, तर ५३ टक्के केंद्रांना हिमाच्या टंचाईचा फार मोठा धोका आहे. चार अंशांनी वाढलं तर ९८ टक्क्यांना. निम्म्या उतारावर यंत्राने हिम घातलं तर हेच आकडे २७ आणि ७१ टक्क्यांवर येतात.

म्हणजे यंत्राचा उपयोग होतो. पण तापमान वाढत गेलं की तो उपयोगही तुटपुंजा पडतो. दोन आणि चार अंशांमधला हा फरक माणसांच्या हातातला आहे, आणि मला तरी या सगळ्या आकड्यांमध्ये तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. प्रत्येक कोरड्या हिवाळ्याचं खापर हवामानबदलावर फोडता येत नाही. १९६४ च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी हिम इतकं कमी पडलं होतं की ऑस्ट्रियाच्या सैन्याला सुमारे ४०,००० घनमीटर हिम आणि बर्फाच्या २०,००० विटा डोंगरावरून वाहून आणाव्या लागल्या. वाईट हिवाळे पूर्वीही यायचे. बदल झाला आहे तो ते किती वेळा येतात यात. आणि उलटंही घडतं. स्वित्झर्लंडच्या झेरमाटपासून इटलीच्या चेर्विनियापर्यंत, हिमनदीवरून सीमा ओलांडणारी वर्ल्ड कपची शर्यत २०२२ मध्ये ठरली होती. ती हिम नाही म्हणून रद्द झाली. पुढच्या वर्षी पुन्हा ठरवली, तेव्हा जोरदार हिमवर्षाव आणि वाऱ्यामुळे रद्द झाली. मग तो बेतच सोडून दिला. सरासरी तापते आहे म्हणून रोजचं हवामान शहाण्यासारखं वागेल, असं नाही. आणि पर्यटनाच्या धंद्यात कमी हिमाइतकीच ही बेभरवशाची स्थितीही महाग पडते.

कृत्रिम हिम: कसं बनतं, कुठे अडतं

आडेलबोडेनच्या त्या पट्टीकडे परत येऊ. उताराच्या कडेने हिमतोफा लावलेल्या असतात. तोफेतून पाण्याचे अगदी बारीक थेंब हवेत उडवले जातात. सोबत दाबाखालची हवा असते. ती मोकळी होताना झटकन थंड होते आणि तिच्यात बर्फाचे सूक्ष्म कण तयार होतात. पाण्याचे थेंब या कणांभोवती गोठतात आणि जमिनीवर पडेपर्यंत हिमाचे दाणे झालेले असतात. नैसर्गिक हिमासारख्या षट्कोनी चांदण्या त्यात नसतात. ते भरड आणि जड असतं. स्कीसाठी हे उलट सोयीचं, कारण ते लवकर दबतं आणि सावकाश वितळतं.

पण थेंब हवेतच गोठले पाहिजेत, आणि खरी अडचण इथे आहे. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं तर तो जे तापमान दाखवतो ते या कामी धरतात, कारण त्यात हवेचा गारवा आणि कोरडेपणा दोन्ही येतात. हे तापमान साधारण उणे दोनच्या खाली हवं. हवा कोरडी असेल तर थेंबातलं थोडं पाणी उडून जाऊन उरलेला थेंब गार होतो, त्यामुळे साध्या थर्मामीटरवर शून्याच्या जवळपास असतानाही काम निभावतं. हवा दमट असेल तर साध्या थर्मामीटरवरही उणे दोन-तीनपर्यंत थांबावं लागतं. थोडक्यात, कृत्रिम हिमालाही थंडी लागतेच. थंडी नाही म्हणून ते हवं असतं, आणि थंडी नाही म्हणून ते बनत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या अशा गार रात्री कमी होत चालल्या आहेत. म्हणून केंद्रं आता जास्त शक्तीच्या तोफा बसवतात आणि मिळतील त्या चार रात्रींत सगळा उतार झाकून घेतात.

त्यासाठी पाणी एकदम लागतं. एक घनमीटर पाण्यातून दोन ते अडीच घनमीटर हिम मिळतं. एक हेक्टर उतारावर ३० सेंटीमीटरचा थर म्हणजे ३००० घनमीटर हिम, म्हणजेच बारा ते पंधरा लाख लिटर पाणी. वाऱ्याने उडून जाणारं वेगळं. आणि ही गरज पडते नेमकी हिवाळ्याच्या तोंडावर, जेव्हा डोंगरातले ओढे सर्वांत रोडावलेले असतात, कारण वरचं पाणी गोठून बसलेलं असतं. म्हणून केंद्रं उंचावर तळी खोदतात, उन्हाळ्यात ती भरून ठेवतात. यातून भांडणं सुरू झाली आहेत. फ्रान्समधल्या ला क्लुसाझ इथे जंगलात असं तळं खोदायचं ठरलं तेव्हा पर्यावरणवादी कार्यकर्ते जाऊन झाडांमध्येच राहिले, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात न्यायालयाने त्या कामाला स्थगिती दिली. पाणी पिण्याला, शेतीला की उतारावर, हा प्रश्न पाण्याने समृद्ध समजल्या जाणाऱ्या आल्प्समध्येही आता विचारला जातो आहे.

तरीही यंत्रांचा पसारा प्रचंड आहे. इटलीत जवळजवळ ९० टक्के स्की-उतारांवर कृत्रिम हिमाची सोय आहे, ऑस्ट्रियात सुमारे ७० टक्के, स्वित्झर्लंडमध्ये निम्म्याहून थोडी जास्त, फ्रान्समध्ये ४० टक्क्यांच्या आत आणि जर्मनीत पावभर. काही ठिकाणी वेगळीच युक्ती करतात. स्वित्झर्लंडमधलं दावोस आणि इटलीतलं लिविन्यो इथे हिवाळ्यातल्या हिमाचा ढीग भुशाखाली झाकून उन्हाळाभर जपतात आणि शरद ऋतूत तोच पसरून क्रॉस-कंट्री स्कीइंगचा हंगाम सुरू करतात. धान्य साठवावं तसं हिम साठवायची ही रीत मला आवडते. पण त्यातून काही किलोमीटरची पट्टी होते, डोंगर होत नाही.

नुकसान कोणाचं

तोफा, तळी, पंप, वीज यांचा खर्च मोठ्या केंद्रांना झेपतो. लहान केंद्राला नाही. शिवाय स्कीच्या धंद्यात खर्च ठरलेला असतो. लिफ्ट शंभर दिवस चालो की तीस, तिची देखभाल, तपासणी, कर्जाचा हप्ता तेवढाच. आणि मिळकत वर्षभर सारखी येत नाही. ती नाताळ-नववर्षाच्या दोन आठवड्यांत आणि फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्ट्यांत एकवटलेली असते. नाताळात उतार हिरवा राहिला, तर मार्चमध्ये कितीही हिम पडलं तरी ती भरपाई होत नाही, कारण तोवर गिऱ्हाइकाच्या मनात वसंत सुरू झालेला असतो.

फ्रान्समधलं ला साम्ब्युई हे असंच एक लहान, कुटुंबांचं केंद्र. पूर्वी डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत चालायचं. २०२२-२३ च्या हिवाळ्यात ते जेमतेम चार आठवडे चाललं, आणि २०२३ मध्ये नगरपालिकेने लिफ्ट बंद करायचा निर्णय घेतला. इटलीत तर गंजत पडलेल्या, सोडून दिलेल्या स्की-सुविधांची संख्या पर्यावरण संघटनांच्या मोजणीत दोनशेच्या वर गेली आहे.

अशी केंद्रं बंद पडल्याने पर्यटनाच्या एकूण आकड्यांवर फारसा ओरखडा उठत नाही. गिऱ्हाईक दोन दऱ्या ओलांडून वरच्या केंद्रात जातं. उलट त्या वरच्या केंद्रांची काही दशकं चलतीच राहील. पण खालच्या लहान केंद्रांमध्येच आसपासच्या शहरांतली मुलं रविवारी येऊन स्की शिकायची, परवडणाऱ्या तिकिटात. ती दारं बंद झाली की स्कीइंग उरतं ते महागड्या, उंचावरच्या, आठवडाभर राहावं लागणाऱ्या ठिकाणी. एका पिढीला हा खेळ हातात मिळालाच नाही, तर पुढे वरच्या केंद्रांना तरी गिऱ्हाईक कुठून येणार? आकडेवारीत हा तोटा उशिरा दिसेल. मला तो सर्वांत खोल वाटतो.

हिमनद्या

आता बर्फाकडे, म्हणजे दरवर्षीचं हिम साचून, दबून शतकानुशतकं तयार झालेल्या हिमनद्यांकडे. हिम एका वाईट हिवाळ्यानंतर पुढच्या वर्षी परत येऊ शकतं. हिमनदी तशी परत येत नाही.

१८५० च्या सुमारास आल्प्समधल्या हिमनद्या सर्वांत फुगलेल्या होत्या. तेव्हापासून त्यांचं निम्म्याहून अधिक क्षेत्र गेलं. अलीकडची गती मात्र अंगावर काटा आणणारी आहे. स्वित्झर्लंडमधल्या हिमनद्यांनी २०२२ मध्ये एका वर्षात ६ टक्के आणि २०२३ मध्ये आणखी ४ टक्के बर्फ गमावला. दोन वर्षांत दहावा हिस्सा. २०२३ च्या ऑगस्टमधल्या एका रात्री हवामान खात्याच्या फुग्याने स्वित्झर्लंडवर शून्य अंशाची पातळी ५२९८ मीटरवर मोजली. आल्प्सचं सर्वांत उंच शिखर माँ ब्लां हे त्याहून जवळजवळ पाचशे मीटर ठेंगणं आहे. त्या रात्री अख्ख्या आल्प्सच्या माथ्यावरची हवा शून्याच्या वर होती.

हे पाहायचं तर शामोनीला मेर द ग्लास या हिमनदीवर जावं. नावाचा अर्थ बर्फाचा समुद्र. १९०९ पासून इथे हिमनदीच्या वरच्या माँतांव्हेर या ठिकाणापर्यंत आगगाडी जाते. तिथून खाली हिमनदीत कोरलेल्या गुहेत जायला १९८८ मध्ये लहान केबल कार बांधली. तेव्हा केबल कारमधून उतरलं की पायऱ्या जवळजवळ लागतच नसत. हिमनदी खचत गेली तशा दरवर्षी पायऱ्या वाढत गेल्या, त्या पाचशेच्या वर पोचल्या. कड्यावर वर्षांच्या पाट्या लावलेल्या आहेत, की अमुक साली बर्फ इथपर्यंत होता. १९९० ची पाटी डोक्याच्या कितीतरी वर लटकते. शेवटी २०२४ मध्ये वरच्या अंगाला, जिथे बर्फ अजून जाड आहे तिथे, नवीन केबल कार सुरू करावी लागली.

काही हिमनद्यांवर उन्हाळ्यात पांढरं कापड पांघरतात. स्वित्झर्लंडमध्ये अँडरमाटला २००५ पासून, र्‍होन हिमनदीच्या गुहेवर, इटलीत प्रेसेना हिमनदीवर. कापडाखालचं वितळणं साधारण साठ टक्क्यांनी कमी होतं, म्हणजे युक्ती खरी आहे. पण देशातल्या सगळ्या हिमनद्या झाकायच्या तर दरवर्षी एक अब्जाहून जास्त फ्रँक लागतील, असं स्विस शास्त्रज्ञांनीच मांडलं आहे. गुहेचं तिकीट वाचवायला ते पुरेसं आहे, हिमनदी वाचवायला नाही.

उन्हाळी स्कीइंगही याच बर्फावर चालायचं. २०२२ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या ले द्यू आल्प्सला ते जुलैतच गुंडाळावं लागलं आणि झेरमाटलाही थांबवावं लागलं. जर्मनीतल्या झुगश्पिट्झे शिखरावरच्या दक्षिण श्नेफर्नरला त्याच वर्षी हिमनदी म्हणणंच शास्त्रज्ञांनी बंद केलं. तिथला बर्फ आता वाहण्याइतका उरलेला नव्हता.

आणि तरी हिमनद्या पाहायला गर्दी होते. संपण्याआधी एकदा बघून घ्यावं, ही ओढ माणसाची आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण अशा एका सहलीतला सर्वाधिक कार्बन घरापासून डोंगरापर्यंतच्या प्रवासातून निघतो. विमानाने यायचं की रेल्वेने, इथे प्रवाशाच्या हातात बरंच काही आहे. शास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार २०५० पर्यंत आल्प्समधला निम्मा बर्फ जाणार हे आता जवळपास ठरलेलं आहे, कारण तेवढी उष्णता आधीच साठली आहे. तिथून पुढे शतकाच्या अखेरीस एक तृतीयांश उरेल की जवळजवळ काहीच नाही, हे मात्र उत्सर्जनावर अवलंबून आहे.

डोंगरातला सिमेंटसारखा बर्फ

न दिसणारा बर्फ जास्त धोक्याचा आहे. साधारण २५०० मीटरच्या वर खडकांच्या भेगांत वर्षानुवर्षं गोठलेला बर्फ असतो. अशा कायम गोठलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. तो खडकांना सिमेंटसारखा धरून ठेवतो. तो सैल झाला की कडे ढासळतात.

२००३ च्या उष्ण उन्हाळ्यात मॅटरहॉर्नवर दरड कोसळली आणि वर अडकलेल्या अनेक गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरने उतरवावं लागलं. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या पीझ चेंगालो या शिखराचा कडा कोसळून आठ पदयात्री गेले. ३ जुलै २०२२ ला इटलीतल्या मार्मोलादा हिमनदीचा तुकडा तुटला, त्यात अकरा जणांचा बळी गेला. आदल्या दिवशी शिखरावर सुमारे दहा अंश तापमान होतं. २०२५ च्या मे महिन्यात स्वित्झर्लंडमधलं ब्लाटेन हे गाव जवळजवळ पूर्ण गाडलं गेलं. वरच्या कड्यावरून दगड हिमनदीवर पडत राहिले आणि अखेर हिमनदीच दगडमातीसह खाली आली. डोंगरावर लक्ष ठेवणाऱ्यांनी नऊ दिवस आधी तीनशे माणसं बाहेर काढली होती, म्हणून बळी एकच गेला. अशा प्रत्येक घटनेत तापमानवाढीचा वाटा किती, हे शास्त्रज्ञ जपून सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण गोठलेली जमीन सैल होते आहे, यात वाद नाही.

गिर्यारोहणावर याचा परिणाम थेट आहे. माँ ब्लां परिसरातले, १९७३ च्या एका प्रसिद्ध मार्गदर्शक पुस्तकात दिलेले ९५ मार्ग अभ्यासकांनी अलीकडे तपासले. त्यांपैकी ९३ बदलले होते, २६ खूप जास्त, आणि तीन अस्तित्वातच नव्हते. माँ ब्लांच्या नेहमीच्या वाटेवर दगड इतके कोसळायला लागले की २०२२ च्या ऑगस्टमध्ये वाटेतल्या दोन्ही निवाराझोपड्या बंद केल्या गेल्या. गाइडांचा हंगाम आता जुलै-ऑगस्टकडून मे-जूनकडे सरकतो आहे, जेव्हा रात्रीचा गारवा दगडांना धरून ठेवतो. ज्या वाटा बापाने मुलाला शिकवल्या त्या मुलाला नव्याने शोधाव्या लागतात.

उन्हाळ्याची बाजू थोडी उजळ आहे. मैदानातली शहरं तापली की लोक डोंगराकडे धाव घेतात. ऑस्ट्रियात उन्हाळ्यात डोंगरात जाऊन राहण्याची जुनी परंपरा आहेच, ती पुन्हा जोर धरते आहे. चालण्याचा, सायकलीचा हंगाम आता वसंतात आधी सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत लांबतो. पण उन्हाळ्यातला पाहुणा स्कीवाल्याइतका खर्च करत नाही, आणि तो नेमक्या चार सुंदर जागी गर्दी करतो. इटलीतल्या ब्राएस तळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांवर ऐन हंगामात निर्बंध घालावे लागले आहेत. वादळी पावसाचा धोकाही वाढतो. २०२४ च्या जूनमध्ये गिर्यारोहकांचं जुनं माहेरघर असलेली ला बेरार्द ही फ्रेंच वस्ती एका पुरात उद्ध्वस्त झाली.

बदललेल्या डोंगरातून कधी नवीन आकर्षणही जन्मतं. स्वित्झर्लंडमध्ये ट्रिफ्ट इथल्या गिर्यारोहकांच्या निवाऱ्याकडे जायची वाट हिमनदीवरून जायची. हिमनदी आटली, वाट तुटली, तिच्या जागी तळं तयार झालं. मग २००४ मध्ये दरीवर दोरांचा झुलता पूल टाकला, आणि २००९ मध्ये तो आणखी मजबूत, १७० मीटर लांबीचा करून पुन्हा बांधला. आता लोक पूल बघायलाच येतात.

पण मला या सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते ऑस्ट्रियातल्या डोब्राच या २१६६ मीटर उंचीच्या डोंगराबद्दल. फिलाख शहराच्या माथ्यावरचा हा डोंगर, त्या शहराचा घरचा स्की-उतार. हिवाळे कोरडे जायला लागले तेव्हा इथेही तोफा बसवायचा पर्याय होता. पण शहराचं पिण्याचं पाणी याच डोंगरातून येतं, त्यामुळे तो मार्ग बंद होता. २००२ मध्ये त्यांनी लिफ्ट काढूनच टाकल्या. खांब उपटले, डोंगराला निसर्ग-उद्यान केलं, वर जाणारा रस्ता ठेवला. हिम असेल त्या दिवशी लोक पायाला कातडी पट्ट्या लावलेल्या स्की घेऊन स्वतः चढतात, मुलं घसरगाडी ओढत नेतात, कोणी हिमावर चालायचे जोडे घालून फिरतात. हिम नसेल त्या दिवशी तीच माणसं तीच वाट साध्या बुटांनी चढतात. तिकीटखिडकी नाही, त्यामुळे उतार हिरवा आहे की पांढरा, यावरून कोणाचा हप्ता थकत नाही.